औंधची सुमन

मामाच्या घरात माणसं तीन आणि पत्रं पोत्यानं होती. कॉलेजसाठी मी विट्याला मामाकडं राहायला गेले तेव्हा मला जी खोली मिळाली, तिच्या एका भिंतीला पार छतापर्यंत पत्रांचे गठ्ठे रचलेले होते, सुतळीनं बांधलेले, वर जिल्ह्यांची नावं. आमच्या खेड्यात महिन्याकाठी एखादं कार्ड यायचं, तेही कुणाच्या लग्नाचं नाहीतर मयताचं. इथं पोस्टमन रोज अकराच्या सुमाराला सायकल भिंतीला टेकवायचा, पिशवी ओट्यावर उपडी करायचा आणि मामीला म्हणायचा, "वैनी, तुमच्या घराला सरकारनं येगळा पोस्टमन द्याया पायजे." मामी त्याला तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा द्यायची.

पुढच्या खोलीत छापखाना, मधल्या खोलीत आम्ही आणि मागं चूल. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन दिवसभर खट्-धप्प, खट्-धप्प करायचं. ते थांबलं की घर एकदम बहिरं झाल्यासारखं वाटायचं. छपाईचे शिशाचे खिळे धुवायच्या रॉकेलचा वास भाकरीला लागायचा, शेंगदाण्याच्या चटणीला लागायचा, माझ्या वेणीला लागायचा. मधल्या खोलीत बुद्धाची तसबीर होती, तिच्या काचेवर शाईची बारीक बोटं उमटलेली असायची. मामी रोज पुसायची आणि मामा रोज उमटवायचा. दोघांना मूलबाळ नव्हतं. मला त्यांनी लेकीसारखं वागवलं, आणि लेकीला लावावं तसंच कामालाही लावलं. महिन्याभरात मला खिळे जुळवता यायला लागले. जुळवलेली अक्षरं उलटी असतात. आरशात दिसावीत तशी. ती उलटी वाचायची मला इतकी सवय झाली की कॉलेजच्या फळ्यावरची सरळ अक्षरं क्षणभर परकी वाटायची.

लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापून मामाचं घर चालायचं, पण जीव होता तो 'सांगावा'त. 'सांगावा' म्हणजे त्याचं पत्रमैत्रीचं मंडळ. दर महिन्याला पातळ पिवळ्या कागदाची पुस्तिका निघायची. तिच्यात सभासदांची नावं, गाव, वय, छंद. ज्याला ज्याच्याशी मैत्री करावीशी वाटे त्यानं छापखान्याच्या पत्त्यावर पत्र टाकायचं, आणि मामानं ते पुढं धाडायचं. मामाचा एकच नियम होता. आडनाव छापायचं नाही.

"आडनाव आलं की पत्र थांबतंय, नंदे," तो म्हणायचा. "नुसतं नाव आसलं की मानूस मानसाला लिवतोय."

का, असं मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात ते विचारायची गरज नव्हती.

आजकाल माझी लेक फोनवर बोट फिरवत सांगते की अमक्या ठिकाणी आता कुणी नसतं, सगळे तमक्या ठिकाणी गेले. मला तेव्हा मामाचा चेहरा आठवतो. कारण मी गेले त्याच वर्षी सांगलीहून 'हितगुज' निघालं. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ, प्रत्येकाचा फोटो, पूर्ण नाव आणि घरचा पत्ता. पत्र थेट दारात. आमच्याकडं पत्राला मध्ये विट्याला एक मुक्काम पडायचा, आणि मामाला ताप आला तर तो आठवडाभराचा व्हायचा. दिवाळीपर्यंत आमची पुस्तिका निम्मी झाली. माणसं राजीनामा वगैरे देत नाहीत, नुसती लिहायची थांबतात. पोस्टमनची पिशवी हलकी झाली तशी मामीची त्याच्याशी थट्टाही कमी झाली.

मामा हार मानणारा नव्हता. त्यानं गठ्ठे सोडले, चार दिवस बसून जुनी पत्रं चाळली, आणि एका दुपारी जेवताना ताटावरून मान वर न करता म्हणाला, "फोटूचं काय न्हाई. आपल्यात बायकांच्या नावावर लिवनारं शंभर आन् उत्तर देनाऱ्या चार. ज्याला उत्तर येत न्हाई त्यो जातोय. मानसाला मैतर नको आसतंय गं, उत्तर पायजे आसतंय."

"मग?" मामीनं विचारलं.

"मग उत्तर द्यायाचं."

अशी सुमन जन्माला आली. वय सव्वीस, औंध, छंद रिकाम्या काडेपेट्या जमवणे. काडेपेट्या माझ्या डोक्यातून आल्या, नाव मामाच्या. औंध एवढ्याचसाठी की मी तिथं शाळेच्या सहलीला एकदाच गेले होते आणि यमाईच्या डोंगरावरून दिसणारी छपरं माझ्या लक्षात होती. सुमनचं अक्षर म्हणून मी जरा उजवीकडं कललेलं अक्षर घेतलं. पहिल्याच महिन्यात तिला तीसेक पत्रं आली. मी कॉलेजहून येऊन, चहा पिऊन, एकेकाला उत्तर लिहायचे. खोटं बोलतेय असं वाटायचं नाही. लिहिणारे इतके एकटे होते की त्यांना कुणीतरी काहीतरी म्हणावं, एवढंच मला वाटायचं.

त्यांतला एक तानाजी. मूळचा आमच्याच भागातला, पण सोनं गाळायच्या धंद्यात लहानपणीच तिकडं तमिळ मुलखात, सेलमला गेलेला. आमच्याकडच्या कितीतरी घरांतले पुरुष असे देशभर पांगलेले असतात. तो लिहायचा की दुकान म्हणजे बोळातली एक खोली, अ‍ॅसिडच्या धुरानं दिवसा दिवा लावावा लागतो, आणि आठ-आठ दिवस मराठी शब्द कानावर पडत नाही, म्हणून भट्टीशीच बोलतो. मी त्याला सुमनच्या घराबद्दल लिहिलं. डोंगराच्या पायथ्याशी घर, निळं दार, दृष्टी अधू झालेली आई. प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहायचे, "जेवलात का?"

पहिलं विचित्र पत्र माघात आलं. तानाजीनं लिहिलं होतं, "तुमच्या आईचं पडसं बरं झालं का? ओव्याची पुरचुंडी हुंगायला द्या." मी आईच्या पडशाबद्दल काही लिहिलं नव्हतं. वाटलं, विसरले असेन. पुढच्या पत्रात, "शेळीला दोन करडं झाली, वाचून बरं वाटलं." शेळी मी लिहिली नव्हती. त्याच्या पुढच्यात त्यानं लिहिलं, "तुम्ही म्हणता ते खरं आहे, रडून झाल्यावर भूक लागते. पण तुमचं अक्षर कधी कधी बदलतं. हात दुखतो का?"

ते पत्र हातात धरून मी ओट्यावर बसले होते. रणरणती दुपार, ट्रेडल चालू होतं. रडून झाल्यावर भूक लागते हे वाक्य मी लिहिलं नव्हतं, पण ते मला इतकं ओळखीचं वाटलं की मीच कधीतरी ते मनात म्हटलं असावं. मी बोटं नाकाशी नेऊन शाईचा वास घेतला. झोपेत उठून लिहिते का मी? त्या दिवसापासून मी कागद मोजून ठेवायला लागले, दौत कपाटात कुलूपबंद करून किल्ली मामीकडं द्यायला लागले. कागद मोजले की बरोबर भरायचे. दौत हलायची नाही. आणि सेलमहून उत्तरं येतच राहिली, मी न लिहिलेल्या पत्रांची.

मामी म्हणाली, "पोरीच्या डोक्यावर अभ्यासाचा ताण आलाय," आणि मला हुलग्याचं माडगं करून पाजलं. मामाला मी सांगितलं तर तो हसला. पण मार्चचं 'हितगुज' आलं आणि त्याचं हसू गेलं. त्यात अकराव्या पानावर छापलेलं होतं: सुमन, औंध, वय सव्वीस, छंद रिकाम्या काडेपेट्या जमवणे. फोटोची चौकट रिकामी होती.

"चोरली," मामा ओरडला. "आपली सुमन चोरली सांगलीवाल्यांनी!"

दुसऱ्याच दिवशी आम्ही तासगावमार्गे सांगलीला गेलो. 'हितगुज' म्हणजे गणपती मंदिरामागच्या पेठेत, जिन्यावरची एक खोली. तिथं एक निवृत्त टायपिस्ट बाई होत्या, सडपातळ, पांढरीशुभ्र नऊवारी, डोळ्यांवर जाड भिंग. मामा तावातावानं बोलला ते त्यांनी शांतपणे ऐकलं. मग कपाटातून एक फॉर्म काढून आमच्यापुढं ठेवला. मोठी मोठी, ओळ सोडून वर चढणारी अक्षरं, पहिलीतल्या मुलासारखी. सुमन. औंध. काडेपेट्या.

"ती स्वतः आली होती," बाई म्हणाल्या. "तुम्ही बसलाय त्याच खुर्चीवर बसली होती. फोटो नाही म्हणाली, आणि आडनाव लावत नाही म्हणाली. मी पुढं विचारलं नाही. तिनं मला एकच विचारलं: पत्र माझ्या घरी येईल ना? मधे कुणाच्या हातात जाणार नाही ना?"

मामा खुर्चीवरून उठला. उठलाच एकदम, चटका बसावा तसा.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "सुमन न्हाईच. आमी क्येलीया ती. ही माझी भाची लिवती."

मला वाटलं, आता त्या आम्हाला हाकलून देणार. पण त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "माझ्याकडेही आहेत तशा काही," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला यादी रिकामी दिसू नये म्हणून घातल्या. फोटो स्टुडिओतले, गिऱ्हाइकांनी न नेलेले. आता मला त्यातल्या काहींचं खरं कोणतं आणि माझं कोणतं ते आठवत नाही. त्याही मला पत्र लिहितात, मी उघडत नाही." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पण ही खुर्चीवर बसली होती हो. तिच्या हाताला निळा रंग लागला होता."

 विट्याच्या स्टँडवर उतरल्यावर मामा म्हणाला, "संपवून टाकू." मला वाटलं मंडळ. त्याला सुमन म्हणायचं होतं.

एप्रिलच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर मी स्वतः खिळे जुळवले. आमच्या सभासद सुमन, औंध, यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. सांगावा परिवार त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहे. 'निधन' जुळवताना माझा हात थांबला होता. उलट्या अक्षरांत तो शब्द कसलाच वाटत नव्हता. मग मामानं पाय टाकला, खट्-धप्प, आणि कागदावर तो सरळ उमटला.

त्यानंतर जी पत्रं आली तेवढी 'सांगावा'ला कधीच आली नव्हती. जिवंत सुमनला तीस, मेलेल्या सुमनला दीडशे. पोस्टमन पुन्हा पिशवी ओट्यावर उपडी करायला लागला. ज्यांनी तिला एक ओळ लिहिली नव्हती त्यांनीही चार-चार पानं लिहिली. आपली मेलेली आई, बुडालेला भाऊ, नांदायला न नेलेली बहीण, सगळं सगळं. गेलेले सभासद परत आले.  मला ती पत्रं उघडवत नव्हती. तानाजीचं त्यांत एकही नव्हतं.

आणि एके दिवशी एक पोस्टकार्ड आलं. मोठी, वर चढणारी अक्षरं. "मी सुमन. मी मेले आसे तुमच्या पुस्तकात आले आहे. आई रडत आहे. माणसे दाराशी येत आहेत. मी आता काय करायचे ते कळवावे."

ते कार्ड मी मामाला दाखवलं नाही. मामीला म्हणाले कॉलेजात जादा तास आहे, आणि पुसेसावळीवरून औंधची गाडी धरली. सकाळचे अकरा वाजले असतील. ऊन नुसतं पांढरं होऊन पडलं होतं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. कुणाला विचारावं लागलं नाही. डोंगराच्या पायथ्याला वळले आणि दार दिसलं. निळं. रंग नवा होता, चौकटीवर ओघळला होता. मी लिहिलं होतं तसंच घर, फक्त मी लिहिलं त्याहून खूप लहान. माघारी फिरावं असं फार वाटलं. तेवढ्यात आतून आवाज आला, "या. उनात का उबं ऱ्हायलाय?"

ती तिशी-पस्तिशीची होती. सावळी, रोड, गळ्यात काही नाही. माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली, जणू मीच कुणीतरी मेलेली होते.

"तुमीच व्हय लिवनाऱ्या? मला वाटलं, मोठ्या बाई आसतील."

तिनं पाणी दिलं. कोपऱ्यात तिची आई बसली होती, डोळ्यांवर पांढरा पडदा. कोनाड्यात काडेपेट्या रचलेल्या होत्या, दहा-बारा, नव्याच. मग सुमननं सांगितलं. नवऱ्यानं सात वर्षांपूर्वी माहेरी आणून सोडलं ते परत नेलंच नाही. सात वर्षांत तिच्या नावानं एक चिटोरं आलं नव्हतं. आणि एक दिवस पोस्टमननं पाकीट आणून दिलं: सुमन, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याला, औंध. तानाजीला विट्याचा मुक्काम फार वाटला म्हणून त्यानं माझ्याच पत्रातल्या खुणेवर थेट टाकलेलं होतं. आडनाव नव्हतंच. पायथ्याला सुमन नावाची ही एकटीच होती.

"वाचून घाबरल्ये," ती म्हणाली. "आईची नदर कमी झाल्याली त्याला कसं ठावं? मग त्यानं इचारलं हुतं, निळं दार कसं हाय. आमचं दार निळं नव्हतं. मी चार दिस इचार क्येला. मग आनला रंग."

"का पण?"

"खोटं कशाला लिवायचं परक्या मानसाला?" ती इतक्या सरळपणे म्हणाली की मला तिच्याकडं बघवेना. "तुमी जे जे लिवलं ते त्याच्या पत्रातनं मला कळायचं. ते मी करत ग्येल्ये. काड्यापेट्या गोळा क्येल्या. तुमी जेवलात का म्हून इचारायचा, मीबी इचारायला लागल्ये. लय बरं वाटायचं, आवं. सकाळी उठून कायतरी व्हायाचं आसायचं." तिनं आईकडं पाहिलं. "आन् मग तुमी मला मारलं."

म्हातारीनं आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला, चाचपडत लेकीचा चेहरा धरला आणि गालांवरून, कपाळावरून बोटं फिरवली.

"आठ दिस झालं, आशीच करती," सुमन म्हणाली. "शेजारनीनं वाचून दावलं तवापासनं. मी बोलल्ये तरी तिला पटत न्हाई. हात लावून बगती, ऊन हाय का गार हाय."

मी रडायला लागले. मी म्हटलं, पुढच्याच पुस्तिकेत चूक झाली म्हणून छापते, मोठ्या अक्षरात छापते, सगळ्यांना कळवते. ती उठली, चुलीवरची भाकरी काढून तिनं माझ्यापुढं ठेवली, वर मिरचीचा खर्डा. मी रडत होते आणि मला भूक लागली होती. तिनं ते ओळखलं असावं.  मी खाल्ल्यावर म्हणाली, "नगा छापू. ऱ्हाऊ द्या."

"पण लोक तुम्हाला मेलेली समजतील."

"समजूद्यात की. आता त्या सांगलीच्या पुस्तकातल्या पत्त्यावर आईच्या नावानं पत्रं येत्यात. लोकं लय चांगलं लिवत्यात गड्या, काय मागत न्हाईत, कसली न् काय इचारत न्हाईत. आपलं दुख सांगत्यात. मी सुमनची भन म्हून उत्तर लिवती." ती पहिल्यांदाच हसली. "जित्या बाईला आसं कोन लिवतंय?"

विट्याला परतल्यावर मी तानाजीला सगळं खरं लिहिलं. खाली माझं नाव, पहिल्यांदाच, आडनावासकट. उत्तर यायला महिना लागला. एकच पान होतं. "दोन हात आहेत हे मला कधीच कळलं होतं, म्हणून दोन्ही पत्त्यांवर लिहीत राहिलो. पण इथं मला जेवला का असं विचारणारं कुणी नाही, आणि तुम्ही दोघी विचारत होता. मी कशाला बोलू? पुस्तिकेतलं वाचून दोन दिवस भट्टी लावली नाही. कोणती गेली हे कळेना. आता तिच्या बहिणीचं पत्र आलं आहे. अक्षर ओळखलं. तुम्ही तिला काही सांगू नका." माझ्या आडनावाबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

मामानं उन्हाळ्यानंतर 'सांगावा' मंडळ बंद केलं. वर्गणीदार परत आले होते, 'हितगुज'वर मात झाली होती, तरी बंद केलं. कारण विचारलं की म्हणायचा, "मेलेल्या मानसावर मंडळ चालवायचं न्हाई मला." 'हितगुज'ही पुढं दोनेक वर्षांत थांबलं. गावोगावी टेलिफोनचे पिवळे डबे आले आणि माणसं काचेच्या खोक्यात उभी राहून ओरडायला लागली.

सुमनला मी अधूनमधून भेटत राहिले. तिची आई गेली, तिचे केस पांढरे झाले, पण पत्रं थांबली नाहीत. तानाजी दर दोन वर्षांनी गावी आला की औंधला जाऊन तिच्या ओट्यावर चहा घ्यायचा, तिला "सुमनची बहीण" म्हणायचा, आणि दोघंही ते पाळायचे. गेल्या पावसाळ्यात ती झोपेतच गेली. तिच्या भाच्याचा फोन आला म्हणून मी गेले. ट्रंकेत तिनं पत्त्यांची वही ठेवली होती, तेवीस नावं, कुठली कुठली गावं. भाचा म्हणाला, "मावशी, ह्यांना कळवायला पायजे. तुमी लिवता का?"

मी पेन उघडलं. 'सुमन गेली' एवढं लिहिलं, आणि पुढं काय लिहावं कळेना. ते तर त्यांना तीस वर्षांपूर्वीच कळवून झालं होतं. ही जी आता बहीण म्हणून गेली, तिचं नाव, तानाजी सोडला तर, त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.